खुर्चीवरचा पेशंट अचानक बिघडला तर: छोट्या डेंटल क्लिनिकने करायची तयारी

दाढ काढायला आलेला माणूस खुर्चीत पांढराफटक पडतो, कुणाची साखर उतरते, कुणाला दम लागतो, कुणाच्या छातीत कळ येते, तर कुणाच्या अंगावर गोळी दिल्यावर दहा मिनिटांत गांधी उठतात. दातांच्या दवाखान्यात हे होतं. रोज होत नाही, म्हणूनच झालं की हात-पाय गळतात.

इंदुरातली आपली बहुतेक क्लिनिक्स एकाच साच्याची. एक डॉक्टर, एक हेल्पर, रिसेप्शनवर एक मुलगी. सुदामा नगर, लोकमान्य नगर किंवा राजवाड्यामागच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर, अरुंद जिन्याने वर. मोठ्या हॉस्पिटलात एक हाक मारली की पाच माणसं धावून येतात. आपल्याकडे ॲम्ब्युलन्स दारात येईपर्यंत आपण तिघंच. हा लेख त्या तिघांसाठी आहे. यातले डोस, वेगळं सांगितलं नसेल तिथे, मोठ्या माणसाचे आहेत.

तयारी म्हटलं की बहुतेक जण दवा बाजारात जाऊन इंजेक्शनं आणतात, एका डब्यात भरतात आणि निश्चिंत होतात. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. आधी केसपेपर, मग माणसांची कामं, आणि पेटी तिसरी.

केसपेपर: आजार विचारू नका, गोळ्या विचारा

"काही आजार आहे का?" या प्रश्नाला आपल्या लोकांचं ठरलेलं उत्तर असतं, "नाही हो, सगळं ठीक आहे." बीपी गोळीने ताब्यात आहे म्हणजे बीपी नाही. बायपास होऊन चार वर्षं झाली म्हणजे हृदयाचं काही नाही. माणूस खोटं बोलत नसतो, त्याच्या हिशोबाने ते संपलेलं असतं. त्यामुळे प्रश्नच वेगळे हवेत.

"काका, सकाळ-संध्याकाळ कोणकोणत्या गोळ्या घेता? पिशवी आणलीय का?" नसेल आणली तर घरी फोन करून पाकिटांचे फोटो व्हॉट्सॲपवर मागवा. पाच मिनिटं जातात, जाऊ द्या. त्या पाकिटांत ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा ॲसिट्रॉम दिसलं की रक्त पातळ करणारी औषधं चालू आहेत हे कळलं. ती आपल्या मनाने बंद करायची नाहीत. एक-दोन दात काढण्यासाठी ॲस्पिरिन थांबवून स्टेंट बंद पडण्याचा धोका घेण्यापेक्षा दाबून धरणं, टाके आणि रक्त थांबवणाऱ्या ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडचा बोळा केव्हाही बरा. ॲसिट्रॉमवाल्याचा ताजा आयएनआर (रक्त किती पातळ झालंय ते सांगणारी तपासणी) बघा आणि त्याच्या फिजिशियनशी बोला.

"आज गोळी किंवा इन्सुलिन घेतलं? त्यानंतर काय खाल्लं, किती वाजता?" हा प्रश्न मधुमेह्याला दर वेळी, अगदी तिसऱ्या-चौथ्या भेटीतही. आपल्याकडे एकादशी, चतुर्थी, नवरात्र, हरतालिका चालूच असतात. "उपवास आहे" म्हणजे साबुदाण्याची खिचडी खाऊन आल्यात की पाण्याचा थेंबही घेतलेला नाही, हे विचारून घ्या. ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन घेऊन निर्जळी करणाऱ्या काकू भेटतात, आणि वर "दात काढल्यावर खाता येणार नाही म्हणून सकाळपासून काही खाल्लं नाही" असं म्हणणारेही. मधुमेह्याची अपॉइंटमेंट पोहे खाऊन झाल्यावरची, सकाळची. खुर्चीत बसवण्याआधी बोटाला टोचून साखर बघायची.

"आमचा जिना चढून आलात, तेव्हा छाती भरून आली का? मध्ये थांबावं लागलं?" पहिल्या मजल्यावरच्या क्लिनिकचा हा एक फुकटचा फायदा. जिन्यात दोनदा थांबलेल्या पेशंटची दाढ आज काढायची नाही.

"पूर्वी बधिर करायच्या इंजेक्शनने त्रास झाला होता का? नेमकं काय झालं होतं?" लिग्नोकेनची, म्हणजे या बधिर करायच्या औषधाची, खरी ॲलर्जी फार क्वचित असते. 'इंजेक्शनची ॲलर्जी' सांगणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना घाबरून चक्कर आलेली असते किंवा औषधातल्या ॲड्रेनलिनने धडधडलेलं असतं. पण अंगावर गांधी उठल्या होत्या, ओठ सुजले होते, श्वास अडकला होता असं सांगितलं तर गंमत नाही. आधी ॲलर्जीची तपासणी. पेनिसिलिन, डायक्लोफिनॅक, रबरी हातमोजे, क्लोरहेक्सिडिन (तोंड धुवायचं जंतुनाशक) यांबद्दल वेगवेगळं विचारा.

पुरुष पेशंटला, बायको-मुलगी बाहेर असताना, हळूच विचारायचा आणखी एक प्रश्न: सिल्डेनाफिल किंवा टॅडालाफिलसारखी गोळी घेतलीय का? याचं कारण पुढे छातीच्या दुखण्यात येईल.

बीपी प्रत्येक चाळिशीपुढच्या पेशंटचं मोजावं. १८० वर ११० किंवा त्याहून जास्त असेल तर थांबता येण्यासारखं काम पुढे ढकला. हार्ट अटॅक येऊन दोन महिने झालेले नसतील तरीही तेच. लहान मुलाचं वजन केसपेपरवर हवंच, अंदाजाने नको. ते का, तेही पुढे येईल. आणि जे काही जोखमीचं सापडेल ते केसपेपरच्या डोक्यावर लाल पेनाने लिहा. आतल्या पानावरची नोंद ऐन वेळी कुणी वाचत नाही.

कोण काय करणार

डॉक्टर पेशंटपासून हलायचा नाही. हा नियम मोडला की सगळं मोडतं, कारण आपल्याला सवय असते सगळं स्वतः शोधून आणण्याची.

हेल्पर पेटी आणि ऑक्सिजन आणणार. रिसेप्शनवरची मुलगी फोन करणार, वेटिंगमधल्यांना बाहेर काढणार, आणि कुणाला तरी खाली रस्त्यावर उभं करणार. जी फोन करेल तिनेच वेळाही लिहायच्या: कधी बिघडला, कधी इंजेक्शन दिलं, कधी १०८ लावला. दोघंच असाल तर फोन स्पीकरवर टाकून बोला.

फोनवर बोलायचं काय, हे लिहून रिसेप्शनच्या काचेखाली ठेवा, आणि हिंदीत ठेवा. घाबरलेल्या मुलीला मराठीतून हिंदी करत बसायला लावू नका. आमच्याकडचा कागद साधारण असा: "डेंटल क्लिनिक से बोल रहे हैं। सुदामा नगर, फलाने मंदिर के सामने, पहली मंज़िल। पचपन साल के पेशंट हैं, होश में नहीं हैं, साँस चल रही है। लिफ्ट नहीं है, स्ट्रेचर जीने से आएगा।" खाली मोबाइल नंबर. समोरच्याने ठेवल्याशिवाय फोन ठेवायचा नाही. १०८ लागला नाही तर ११२.

स्ट्रेचर जिन्याच्या वळणावर फिरतो का, हे एकदा खरंच मोजून बघा. नसेल फिरत तर मजबूत, हाताची प्लास्टिक किंवा लाकडी खुर्ची लागेल आणि चार माणसं. ती चार माणसं कोण, खालचा मेडिकलवाला आणि शेजारचा झेरॉक्सवाला भिया का, हे आधीच बोलून ठेवा. राजवाड्याच्या आसपास क्लिनिक असेल तर रंगपंचमीची गेर (रंगांची मिरवणूक) आणि अनंत चतुर्दशीच्या झांक्या (देखाव्यांची मिरवणूक) या दिवशी ॲम्ब्युलन्स दारापर्यंत येणार नाही हे धरून चाला. त्या दिवशी जोखमीच्या पेशंटला बोलवूच नये.

जवळच्या नर्सिंग होममधल्या फिजिशियनला किंवा भूलतज्ज्ञाला भेटून सांगून ठेवा की अशी वेळ आली तर फोन करीन. अँजिओप्लास्टीची सोय चोवीस तास कुठे आहे तेही माहीत हवं. छातीत दुखणारा पेशंट आधी एका ठिकाणी आणि तिथून दुसऱ्या ठिकाणी हलवण्यात हृदयाचा स्नायू मरत असतो.

पेटी

कमी औषधं ठेवा, पण वापरता येतील अशी. माझी यादी:

- ॲड्रेनलिन, १ मिलीत १ मिलिग्रॅमचे अँप्युल, निदान ३
- ॲस्पिरिन ३०० ते ३२५ मिलिग्रॅम, विरघळणारी किंवा चावता येणारी
- छातीच्या दुखण्यासाठी सॉर्बिट्रेट ५ मिलिग्रॅम किंवा नायट्रोग्लिसरिनचा स्प्रे
- अस्थालिन इनहेलर (दम्याचा पंप) आणि स्पेसर (पंपाला जोडायचं नळकांडं)
- ग्लुकोजची पावडर, २५ टक्के डेक्स्ट्रोज
- मिडाझोलॅमचा नाकात मारायचा स्प्रे, फिट थांबवायला
- ऑक्सिजन, पिशवीवाला मास्क, अंबू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) मोठ्या आणि लहान मास्कसह
- ग्लुकोमीटर, पल्स ऑक्सिमीटर, बीपीचं मशीन

एव्हिल (ॲलर्जीचं औषध), डेक्सोना, हायड्रोकॉर्टिसोन (दोन्ही स्टिरॉइड) ठेवायला हरकत नाही, पण वेगळ्या कप्प्यात. ती समोर असली की हात आधी तिकडे जातो. ही आपल्या देशातल्या दवाखान्यांची जुनी सवय आहे आणि ती जीवघेणी आहे. ॲनाफिलॅक्सिसमध्ये, म्हणजे अंगभर उसळणाऱ्या जीवघेण्या ॲलर्जीत, जीव वाचवणारं औषध ॲड्रेनलिन. बाकीची अंगावरची खाज आणि नंतरचा त्रास कमी करतात, बंद होत चाललेला घसा आणि कोसळणारं बीपी ती वेळेत सावरत नाहीत.

ॲड्रेनलिनची वेगळी झिपची थैली करा. आत ३ अँप्युल, १ मिलीच्या ३ सिरिंज, एक इंची २३ नंबरच्या सुया (अंगाने जाड पेशंटसाठी एखादी दीड इंची), आणि एक चिठ्ठी: "अर्धा मिली. मांडीला, बाहेरच्या बाजूने, स्नायूत. वेळ लिही." सिरिंज टीबीची, म्हणजे मिलीच्या रेघांची घ्या, इन्सुलिनची नको. इन्सुलिनच्या सिरिंजवर मिलीच्या नाही, युनिटच्या रेघा असतात, आणि तिची सुई इतकी आखूड असते की औषध स्नायूपर्यंत पोचतच नाही. कपाटात दोन्ही शेजारी पडलेल्या असतात, म्हणून सांगितलं.

"आपल्या लोकलमध्ये ॲड्रेनलिन असतंच की, तेच टोचू," असं म्हणणारे भेटतात. लोकल म्हणजे बधिर करायचं लिग्नोकेनचं इंजेक्शन. हिशोब करा. १:८०,००० म्हणजे दर मिलीत १२.५ मायक्रोग्रॅम. आपल्याला हवेत ५०० मायक्रोग्रॅम, म्हणजे ४० मिली. ३० मिलीची अख्खी बाटली संपवली तरी डोस पुरा होत नाही, आणि तोवर अंगात ६०० मिलिग्रॅम लिग्नोकेन गेलेलं असतं.

अँप्युल उजेडात आणि उन्हात ठेवू नका. इंदूरच्या मे महिन्यात बंद क्लिनिक दुपारी किती तापतं ते आपल्याला माहीत आहे. औषध गुलाबी किंवा तपकिरी दिसलं की तारीख शिल्लक असली तरी फेकून द्यायचं. एक्सपायरीच्या तारखा पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलेल्या कागदावर, जी सर्वांत जवळची ती सर्वांत वर. पेटीला कुलूप नको. कुलूप लावलं की किल्ली डॉक्टरांच्या गाडीत राहते.

ऑक्सिजन

सिलिंडर काळा, खांदे पांढरे. क्लिनिकसाठी बी टाइप पुरेसा. त्यात १० लिटर पाणी मावेल एवढी जागा, आणि १५० किलो दाबाने भरला की साधारण १५०० लिटर ऑक्सिजन. मिनिटाला १५ लिटर सोडला तर १०० मिनिटं. काटा ५० वर आला असेल तर अर्ध्या तासापेक्षा थोडंच जास्त. ॲम्ब्युलन्स यायला लागणारा वेळ आणि जिन्यातली कसरत धरून मी ५० च्या खाली गेलेला सिलिंडर भरायला पाठवतो.

सिलिंडर उघडायची चावी सुतळीने सिलिंडरलाच बांधून ठेवा. रेग्युलेटर बसवलेलाच असावा. मास्कची नळी जोडलेली असावी आणि ती खुर्चीवरच्या पेशंटच्या तोंडापर्यंत पोचते का ते एकदा ओढून बघावं. पिशवीवाला मास्क लावताना आधी पिशवी ऑक्सिजनने फुगू द्यायची, मग तोंडावर. हेल्परकडून हे डोळ्यांदेखत करून घ्या. "हो, येतं मला" यावर विश्वास ठेवू नका.

पहिलं मिनिट, कारण काहीही असो

काम थांबवा. तोंडातलं सगळं बाहेर: कापूस, गॉज, रबर डॅम (दाताभोवती ताणलेला रबरी पडदा), फाईल (रूट कॅनालची बारीक सुई), सक्शनचं टोक. ट्रे आणि दिवा बाजूला ढकला. हाक मारा, "काकू, ऐकू येतंय का? डोळे उघडा." खांदा हलवा. श्वास बघा, नाडी बघा, रंग बघा.

मग खुर्ची. चक्कर, घेरी, बीपी पडलेलं असेल तर आडवी, पाय वर. दम लागलेला किंवा छाती दुखणारा असेल तर बसती, कारण झोपवलं की त्याचा श्वास आणखी कोंडतो. सहा-सात महिन्यांच्या गरोदर बाईला पाठीवर सपाट झोपवू नका. उजव्या कुशीखाली उशी सरकवून डावीकडे कलतं ठेवा. औषधाच्या आधी निम्मं काम खुर्चीची कळ करते.

चक्कर

सर्वांत जास्त वेळा होणारी गोष्ट, आणि बहुतेकदा साधी. तरुण, उपाशी, घाबरलेला पेशंट, सुई बघून घाम फुटतो, जांभया येतात, नाडी हळू पडते. खुर्ची आडवी, पाय वर, कॉलर सैल, ऑक्सिजन. एक-दोन मिनिटांत शुद्धीवर येतो. कांदा, चपलेचा वास, तोंडावर पाण्याचा हबका यांतलं काही नको. नातेवाईक आत घुसून हेच करू पाहतात, त्यांना कुणीतरी हाताला धरून बाहेर बसवा.

दोन मिनिटं सपाट झोपवूनही शुद्ध आली नाही तर ही साधी चक्कर नाही. साखर तपासा, अंगावर गांधी आहेत का बघा, १०८ लावा. आणि बरा झालेल्याला लगेच उठवून ॲक्टिव्हावर घरी पाठवू नका. आधी बसता, मग उभा, मग कुणाच्या तरी सोबतीने.

साखर उतरली

घाम, थरथर, चिडचिड, असंबद्ध बोलणं. एरवी शांत असणारे आजोबा अचानक हात झटकायला लागले तर भांडण समजू नका, ग्लुकोमीटर काढा. ७० च्या खाली असेल आणि गिळता येत असेल तर १५ ते २० ग्रॅम ग्लुकोज पाण्यात, म्हणजे तीन-चार चमचे. १५ मिनिटांनी पुन्हा मोजा. सावरल्यावर बिस्कीट किंवा पोळी खायला द्या, नाहीतर पुन्हा उतरते. मशीन सापडत नसेल तर शंकेचा फायदा साखरेला द्यायचा. वाढलेल्या साखरेत आणखी चार चमच्यांनी लगेच काही बिघडत नाही.

बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही ओतू नका. शीर लावता येत असेल तर २५ टक्के डेक्स्ट्रोज १०० मिली सावकाश, येत नसेल तर १०८ आणि कुशीवर. ग्लुकागॉनचं १ मिलिग्रॅमचं इंजेक्शन स्नायूत देता येतं, पण ते महाग पडतं आणि सहज मिळतही नाही.

ॲनाफिलॅक्सिस

इथे मिनिटं मोजावी लागतात. ॲमॉक्सिसिलिन दिलं, डायक्लोफिनॅक टोचलं, किंवा क्लोरहेक्सिडिनने सॉकेट (दात काढलेला खड्डा) धुतलं, आणि थोड्या वेळात अंग खाजतं, चेहरा लाल होतो, ओठ-जीभ सुजते, आवाज बसतो, शिट्टीसारखा श्वास, नाडी जलद आणि बारीक. चक्करेशी फरक हाच: तिथे नाडी हळू आणि कातडी गार-पांढरी, इथे नाडी धावते. गांधी उठल्या नाहीत म्हणून ॲनाफिलॅक्सिस नाही असं समजू नका, काहींना त्या येतच नाहीत.

थैली उघडा. अँप्युलच्या मानेवर टिचकी मारून औषध खाली आणा, गॉजमध्ये धरून मान मोडा, अर्धा मिली ओढा. मांडीच्या मध्यावर, बाहेरच्या बाजूला, सरळ ९० अंशात. पँट असेल तर पँटवरून. दंडात नको, कातडीखाली नको, आणि सवय नसेल तर शिरेत तर मुळीच नको. मुलाला वजनाच्या दर किलोला ०.०१ मिली, म्हणजे १५ किलोच्या मुलाला ०.१५ मिली. ५ मिनिटांत फरक पडला नाही तर दुसरं इंजेक्शन. ऑक्सिजन १५ लिटरने.

पेशंट झोपलेला, पाय वर. श्वास फार कोंडत असेल तरच बसवा. बरं वाटतंय म्हणून उठून बाथरूमला जातो म्हणाला तर जाऊ देऊ नका; अचानक उभं राहिल्याने हृदय थांबल्याचे प्रसंग झालेले आहेत. पूर्ण बरा दिसला तरी हॉस्पिटलात जाणारच, कारण काही तासांनी झटका परत येऊ शकतो.

ॲड्रेनलिन द्यायला डॉक्टर कचरतात, "पेशंटला बीपी आहे, हृदयाचं आहे" म्हणून. स्नायूत दिलेल्या अर्ध्या मिलीने धडधड होईल, हात कापतील. न दिल्याने काय होतं ते तुलनेला ठेवा.

छातीत दुखणं

बसतं करा. आधीपासून अँजायना (हृदयाला रक्त कमी पडून छाती दुखणं) असलेल्याने स्वतःची गोळी आणली असेल तर तीच जिभेखाली, नसेल तर सॉर्बिट्रेट ५ मिलिग्रॅम. वरचं बीपी ९० च्या खाली असेल तर द्यायची नाही. सिल्डेनाफिल चोवीस तासांत किंवा टॅडालाफिल अठ्ठेचाळीस तासांत घेतली असेल तरीही नाही, बीपी कोसळतं. तो खाजगी प्रश्न यासाठी होता. ५ मिनिटांत दुखणं गेलं नाही, किंवा घाम, मळमळ, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ असेल, तर हार्ट अटॅक धरा: १०८, आणि ॲस्पिरिन ३०० मिलिग्रॅम चावून खायला. ॲलर्जी असेल तर अर्थातच नाही. ऑक्सिजन मात्र सॅच्युरेशन ९४ च्या खाली असेल तरच द्यायचा.

एक लक्षात असू द्या, खालच्या दाढा डावीकडे दुखतात म्हणून येणारा प्रत्येक पेशंट आपला नसतो. चालल्यावर दुखतो आणि थांबल्यावर दुखायचा राहतो असा 'दात' ईसीजी काढल्याशिवाय उघडू नये.

दमा, फिट, पक्षाघात

दम्याच्या पेशंटला स्वतःचा पंप हाताशी घेऊनच खुर्चीत बसवा. झटका आला तर अस्थालिन स्पेसरमधून एकेक करून चार पफ, मग दर दोन मिनिटांनी दोन, असे दहापर्यंत. एक वाक्य सलग बोलता येत नसेल तर १०८ लगेच.

फिट आली की खुर्ची आडवी, आजूबाजूचं सगळं लांब, डोक्याला आधार. हात-पाय दाबून धरू नका, दातात चमचा घालू नका. दात तुटतो आणि मग तोच श्वासनलिकेत. घड्याळ बघा. ५ मिनिटांपलीकडे गेली किंवा लागोपाठ आली तर मिडाझोलॅम नाकात, वजनाप्रमाणे, एका फवाऱ्यात किती मिलिग्रॅम ते बाटलीवर आधीच वाचून ठेवलेलं. श्वासावर लक्ष. थांबली की कुशीवर वळवा, तोंडातली लाळ सक्शनने काढा.

पक्षाघाताबाबत दातांच्या डॉक्टरला एक खास गोंधळ होतो. खालच्या जबड्याचा ब्लॉक (अर्धा जबडा बधिर करायचं इंजेक्शन) दिल्यावर औषध मागे पॅरोटिडमध्ये (कानापुढच्या लाळग्रंथीत) गेलं तर त्या बाजूचा चेहरा लुळा पडतो, डोळा मिटत नाही. हे इंजेक्शनचं असतं, काही तासांत उतरतं, तोवर डोळा झाकून ठेवायचा. पक्षाघातात कपाळाला आठ्या पाडता येतात आणि डोळा मिटतो, पण हात खाली पडतो, बोलणं अडखळतं. दोन्ही हात वर करायला सांगा, नाव विचारा. शंका असेल तर १०८, आणि पेशंट शेवटचा नीट कधी दिसला ती वेळ लिहून द्या. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं. इथे ॲस्पिरिन देऊ नका, रक्तस्राव आहे की गुठळी हे सीटी स्कॅनशिवाय कळत नाही.

लिग्नोकेन जास्त झालं

ही गोष्ट टाळण्याची आहे, उपचाराची नंतर. २ टक्के म्हणजे दर मिलीत २० मिलिग्रॅम. मोठ्या माणसाला ॲड्रेनलिनसह दर किलोला ७ मिलिग्रॅम, वर मर्यादा ५००. मुलांसाठी दर किलोला ४.४ धरा: १५ किलोच्या मुलाला ६६ मिलिग्रॅम, म्हणजे ३.३ मिली. ३० मिलीच्या बाटलीतून दोन मिलीची सिरिंज दुसऱ्यांदा भरून पूर्ण दिली की ही मर्यादा ओलांडली जाते. म्हणून वजन. टोचण्याआधी मागे ओढून रक्त येत नाही ना ते बघा.

कानात गुणगुण, तोंडात धातूची चव, जिभेला मुंग्या, मग बडबड किंवा गुंगी, मग फिट. पहिल्या खुणेला थांबा, ऑक्सिजन, १०८. हॉस्पिटलात लिपिड इमल्शन देतात. फोनवरच सांगा की लिग्नोकेन जास्त गेलंय आणि किती.

घशात पडलेली गोष्ट

फाईल, क्राउन, दात. रबर डॅम लावा, क्राउन बसवताना गॉजचा पडदा घाला, रबर डॅम धरणाऱ्या क्लॅम्पला फ्लॉस (दोरा) बांधा. पडलीच तर पेशंटला कुशीवर वळवून खोकू द्या. खोकला येतोय तोवर पाठीत मारू नका. आवाज बंद झाला, हात गळ्याकडे गेला, तर पाठीत पाच आणि पोटावर पाच धक्के, आळीपाळीने. गिळली असं वाटलं आणि पेशंट मजेत असला तरी छातीचा आणि पोटाचा एक्स-रे काढल्याशिवाय सोडू नका. फाईल फुप्फुसात असताना माणूस तासभर हसत बोलू शकतो.

श्वास थांबला तर

प्रतिसाद नाही, श्वास नाही किंवा नुसत्या आचक्या: सीपीआर, म्हणजे छाती दाबणं आणि श्वास देणं. अरुंद खोलीत नव्वद किलोच्या माणसाला जमिनीवर उतरवण्यात दोन मिनिटं घालवू नका. खुर्ची पूर्ण सपाट आणि खाली, आणि खुर्चीच्या पाठीच्या भागाखाली, डोक्याकडच्या टोकाला आपलं स्टूल सरकवा, म्हणजे दाब देताना खुर्ची डोलत नाही. छातीच्या मध्यावर ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२०. ३० दाब, अंबू बॅगने २ श्वास. दर दोन मिनिटांनी माणूस बदला, रिसेप्शनच्या मुलीनेही दाब द्यायला शिकलेलं असायला हवं. श्वास देता येत नसेल तर नुसते दाब. भारतीय भूलतज्ज्ञांच्या संघटनेच्या पुढाकारातून २०१७ मध्ये सामान्य माणसांसाठी आलेली 'कोल्स' पद्धत तीच.

एईडी (थांबलेल्या हृदयाला शॉक देणारं मशीन) लावायला उशीर होणाऱ्या प्रत्येक मिनिटाला वाचण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घटते. एका क्लिनिकला मशीन जड जाईल, पण एकाच इमारतीत चार दवाखाने असतील तर मिळून घ्या आणि सगळ्यांच्या हाताला येईल अशा ठिकाणी टांगा. पॅड आणि बॅटरी दोघांनाही एक्सपायरी असते.

सराव

महिन्यातून एकदा, क्लिनिक उघडण्याआधी वीस मिनिटं. हेल्परला खुर्चीत झोपवा, काहीही न सांगता "दम लागलाय" म्हणा आणि घड्याळ लावा. पेटी किती सेकंदांत आली, सिलिंडर खरंच उघडला का, फोनवरचा पत्ता बरोबर सांगितला का. एक्सपायर झालेली अँप्युलं टाकू नका, फोडण्याच्या आणि ओढण्याच्या सरावाला ठेवा, मात्र पेटीपासून लांब, वर लाल खूण करून. नवीन मुलगी कामाला लागली की पहिल्याच आठवड्यात हे. बीएलएसचा (सीपीआर आणि प्राथमिक जीवरक्षणाचा) रीतसर कोर्स सगळ्यांनी करावा आणि दोन वर्षांनी परत करावा.

नंतर

ॲम्ब्युलन्ससोबत चिठ्ठी: काय झालं, किती वाजता, कोणतं औषध, किती, कोणत्या वाटेने, आणि आधीच्या गोळ्यांची यादी. केसपेपरची झेरॉक्स जोडा. शक्य असेल तर डॉक्टरने सोबत जावं, उरलेल्या अपॉइंटमेंट रिसेप्शनने पुढे ढकलाव्यात. नातेवाइकांशी एकानेच बोलायचं, खरं आणि थोडक्यात: "ताई, त्यांना औषधाची रिॲक्शन आली, इंजेक्शन दिलंय, नाडी लागतेय, आता हॉस्पिटलला नेतोय."

संध्याकाळी घरी जाण्याआधी त्या दिवसाचा कागद फाईलला लावा, वापरलेली प्रत्येक वस्तू पेटीत परत भरा आणि सिलिंडरचा काटा बघा. भरायला पाठवलेला सिलिंडर परत येईपर्यंत सर्जरीच्या केसेस घेऊ नका.